गोळे न धरणारे सूत : विणीच्या कपड्यांच्या व्यापारातील एक दुर्लक्षित कसोटी

कुर्डुवाडीचे नाव घेतले की प्रथम रेल्वे आठवते आणि रेल्वेमागोमाग कापूस आठवतो. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी आणि कुर्डुवाडी यांच्यामध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे सुरू केली, त्यामागे बार्शीच्या बाजारपेठेतील माल मुंबईच्या मुख्य मार्गावर आणण्याचा व्यापारी हिशेब होता. पुढे हाच फाटा पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचला. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत ठेकेदारीचा श्रीगणेशा केला, तोही याच बार्शी लाईट रेल्वेच्या कामांपासून. या भागातील व्यापारी कुटुंबांचा कापूस, सूत आणि कापड यांच्याशी असा चार पिढ्यांचा संबंध आहे.

तरीही या कुटुंबांच्या दुकानांत एक तक्रार दर हिवाळ्यात ऐकू येते. दिवाळीनंतर घेतलेला स्वेटर संक्रांतीपर्यंत जुना दिसू लागतो. तो फाटत नाही, त्याचा रंग जात नाही, शिवण उसवत नाही. पण बाहीच्या आतल्या बाजूस, काखेत आणि खांद्यावर दप्तराचा पट्टा घासतो तेथे बारीक बारीक गोळे उठतात. गिऱ्हाईक वस्त्र घेऊन परत येते आणि दुकानदार म्हणतो, ‘‘लोकर आहे, गोळे यायचेच.’’ हे उत्तर अर्धेच खरे आहे. गोळे येणे हा विणीच्या कपड्याचा स्वभाव असला, तरी ते किती यावेत आणि किती काळ टिकावेत, हे बहुतांशी सुताच्या निवडीवर ठरते. ती निवड गिऱ्हाईक करीत नाही, माल घेणारा करतो.

गोळा कसा तयार होतो

मराठीत ‘विणणे’ हा एकच शब्द मागावरच्या कापडालाही वापरतात आणि सुयांवरच्या स्वेटरलाही. परंतु दोन्हींची रचना भिन्न आहे. सोलापुरी चादरीत ताणा आणि बाणा एकमेकांना घट्ट आवळून धरतात. स्वेटर, टी-शर्ट, मोजे यांत मात्र सूत एकात एक अडकवलेल्या फासांच्या रूपाने असते. या फासांमुळे कपडा ताणला जातो आणि अंगाला बसतो. पण त्याच मोकळेपणामुळे सुतातील तंतूंना बाहेर सरकायला वाव मिळतो. म्हणूनच गोळ्यांची तक्रार चादरीपेक्षा स्वेटरबाबत अधिक येते.

गोळा तीन टप्प्यांत बनतो. घर्षणाने तंतूंची मोकळी टोके सुतातून बाहेर येतात आणि कपड्यावर लव उठते. ही लव पुढील घर्षणाने गुंतते आणि तिचा गोळा होतो. तिसऱ्या टप्प्यात दोनच गोष्टी संभवतात : गोळ्याला धरून ठेवणारे तंतू तुटतात आणि तो गळून पडतो, अथवा ते तुटत नाहीत आणि गोळा तेथेच चिकटून राहतो.

सारा प्रश्न या तिसऱ्या टप्प्यात दडलेला आहे. तंतू जितका चिवट, तितका गोळा अधिक काळ टिकतो. शुद्ध लोकरीवर सुरुवातीला गोळे येतात, पण लोकरीचा तंतू तुलनेने दुर्बल असल्याने काही धुण्यांनंतर बरेचसे गोळे गळून जातात. पॉलिएस्टर आणि नायलॉन यांचे तंतू फार चिवट असतात. त्यामुळे त्यांच्या मिश्रणाच्या कपड्यावरील गोळे सहसा गळत नाहीत. ‘‘नायलॉन मिसळले आहे म्हणजे माल मजबूत’’ हे वाक्य मोज्यांच्या टाचेपुरते खरे आहे, कारण तेथे झीज रोखणे महत्त्वाचे असते. स्वेटरच्या दर्शनी भागाबाबत ते उलटे पडू शकते.

घोंगडी काय सांगते

या विषयाचा एक धडा सोलापूर जिल्ह्यातच आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीपासून खड्डामागावर घोंगडी विणली जाते आणि तिच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. घोंगडी वर्षानुवर्षे वापरली जाते, अंथरली जाते, पांघरली जाते. पण मऊ मेरिनो स्वेटरसारखे गोळ्यांचे पुंजके तिच्यावर दिसत नाहीत. तिची मागावरची घट्ट वीण हे त्याचे एक कारण आणि जाड, राठ तंतू हे दुसरे. जाड तंतू सहज वाकत नाही, म्हणून तो गुंतत नाही. शिवाय दिलेल्या जाडीच्या सुतात जाड तंतू कमी संख्येने मावतात, त्यामुळे मोकळी टोकेही कमी असतात.

याची दुसरी बाजू अशी की जाड तंतू अंगाला टोचतो. उत्तम मेरिनो लोकर सुमारे १८ ते २० मायक्रॉन जाडीची असते. ती मऊ असते, पण गोळे लवकर धरते. पंचवीस मायक्रॉनच्या पुढची लोकर स्पर्शाला राठ, पण टिकाऊ असते. मऊपणा आणि गोळे न धरणे या दोन गुणांची अशी कायमची ओढाताण आहे. जो विक्रेता ‘‘लोण्यासारखा मऊ आणि गोळे मुळीच नाहीत’’ असे सांगतो, त्याला पुढचा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : हे कशामुळे साधले?

सूत पारखण्याच्या पाच गोष्टी

पहिली गोष्ट तंतूची लांबी. एक मीटर सुतात आखूड तंतू असतील तर टोके अधिक, लांब तंतू असतील तर टोके कमी. आणि गोळ्याचा जन्म टोकातून होतो. कापसात ३२.५ मिलिमीटर व त्याहून लांब तंतूला अतिरिक्त लांब धाग्याचा कापूस म्हणतात. भारतात १९७४ साली प्रसारित झालेला ‘सुविन’ हा वाण या वर्गातील नामांकित कापूस होय. सर्वच टी-शर्ट अशा महाग कापसाचे असू शकत नाहीत. परंतु सामान्य कापसाचे सूतही विंचरून घेतले, तर आखूड तंतू निघून जातात. बाजारात याला ‘कोम्ब्ड’ म्हणतात आणि न विंचरलेल्याला ‘कार्डेड’. एकाच काउंटच्या या दोन सुतांत किमतीचा फरक असतो, तो याच कामाचा. लोकरीत हाच भेद ‘वर्स्टेड’ आणि ‘वूलन’ या नावांनी ओळखला जातो : वर्स्टेडमध्ये तंतू विंचरून समांतर केलेले असतात, वूलनमध्ये ते आडवेतिडवे आणि आखूड असतात. फुगीर, उबदार वूलन सुतावर गोळे लवकर येतात.

दुसरी गोष्ट पीळ. पीळ तंतूंना बांधून ठेवतो. होजिअरीच्या सुताला मागाच्या सुतापेक्षा मुद्दाम कमी पीळ देतात, कारण जास्त पिळाने कपडा कडक होतो आणि तिरका जातो. तरी पीळ फारच सैल असेल, तर तंतू पहिल्याच धुण्यात बाहेर येऊ लागतात.

तिसरी गोष्ट पदर. एकपदरी सुतापेक्षा दोनपदरी, आणि दोनपदरीपेक्षा नीट पीळ दिलेले तीन-चारपदरी सूत गोळ्यांना अधिक दाद देत नाही. पदर एकमेकांचे तंतू दाबून धरतात. लुधियानाच्या बाजारात ‘दोन-बत्तीस’ असे जे बोलले जाते, त्यातील ‘दोन’ म्हणजे पदर आणि ‘बत्तीस’ म्हणजे एका पदराचा मेट्रिक काउंट : त्या पदराचे ३२ किलोमीटर सूत एक किलो भरते. कापसाच्या सुतात काउंटची पद्धत निराळी आहे : ८४० यार्डांच्या जितक्या लड्या एका पौंडात बसतात, तितका काउंट. हे दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून भावाची तुलना केली तर हिशेब चुकतो.

चौथी गोष्ट कताईची रीत. कॉम्पॅक्ट पद्धतीने कातलेल्या सुतावर केसाळपणा कमी असतो. हवेच्या झोताने कातलेल्या व्होर्टेक्स सुतात बाहेरचे तंतू गाभ्याभोवती गुंडाळले जातात, त्यामुळे तेही गोळे कमी धरते. मात्र त्याचा स्पर्श किंचित कोरडा असतो.

पाचवी गोष्ट विणीची घट्टता. उत्तम सूतही सैल विणले तर वाया जाते. घरी विणणाऱ्या भगिनींना ठाऊक असते की आपल्याकडील सुयांच्या क्रमांकात १० नंबरची सुई ८ नंबरपेक्षा बारीक असते. एक नंबर बारीक सुई वापरली तर सूत थोडे अधिक लागते, पण फास आवळले जातात आणि लव उठण्यास जागा उरत नाही. यंत्रावरील मालातही वजन वाचवण्यासाठी फास लांब केलेले असतात; समान मापाचे दोन स्वेटर तराजूत घातले तर ही काटकसर उघड होते.

ॲक्रिलिकचा बाजार

कुर्डुवाडीसारख्या गावी थंडी दोन-अडीच महिन्यांची. येथे विकला जाणारा बहुतेक माल ॲक्रिलिकचा असतो, आणि हातविणीसाठी घेतलेल्या ॲक्रिलिकच्या गुंड्यांनाही बोलीभाषेत ‘लोकर’च म्हणतात. ॲक्रिलिक स्वस्त, हलके आणि धुण्यास सोपे आहे. स्वेटरसाठी ते सहसा ‘हाय बल्क’ प्रकारचे असते : आकसणारे आणि न आकसणारे तंतू एकत्र कातून सुताला उष्णता दिली की आकसणारे तंतू आखडतात व दुसरे फुगतात. उबदारपणा येतो तो या फुगीरपणातून, आणि गोळेही त्यातूनच येतात.

यावर कारखानदारांनी उपाय शोधलेला आहे. ‘अँटी-पिलिंग’ किंवा ‘लो-पिल’ ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर यांचे तंतू मुद्दाम थोडे कमी चिवट बनवलेले असतात, म्हणजे गोळा झाला तरी तो लवकर गळून पडतो. हे सूत थोडे महाग असते. लुधियाना हे देशातील गरम होजिअरीचे प्रमुख केंद्र. तेथे ओसवाल आणि १९६५ साली सुरू झालेला वर्धमान यांसारखे उद्योगसमूह जैन घराण्यांनीच उभे केले. तेथून माल मागविताना ‘अँटी-पिलिंग’ हा शब्द केवळ वेष्टणावर असून भागत नाही. तो बिलावर आणि मागणीपत्रावरही असावा. तोंडी आश्वासनाला परतीच्या वेळी किंमत राहत नाही.

सुती विणीच्या मालासाठी तिरुपूर हे देशातील मोठे केंद्र आहे. तेथे सेल्युलेज या विकराने कापडावरील लव काढण्याची ‘बायो-पॉलिश’ नावाची प्रक्रिया सर्रास केली जाते. सूत साधारण असले तरी या प्रक्रियेने कपड्याचे रूप सुधारते, मात्र कपड्याचे वजन आणि बळ किंचित घटते. म्हणून विंचरलेले सूत आणि बायो-पॉलिश या दोहोंपैकी काय आहे, की दोन्ही आहे, हे विचारून घ्यावे.

जैन कुटुंबांचा आणखी एक प्रश्न

अनेक जैन कुटुंबांत रेशीम वर्ज्य असते. लोकर मात्र मेंढी जिवंत ठेवून कातरली जाते म्हणून ती चालते, असा सर्वसाधारण समज आहे. येथे एक बाब माहीत असावी. ऑस्ट्रेलियात मेरिनो मेंढ्यांना माश्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून शेपटीजवळील कातडी कापून काढण्याची ‘म्युलसिंग’ नावाची वेदनादायक प्रथा आहे. न्यूझीलंडने तिच्यावर २०१८ साली बंदी घातली. २०१६ पासून ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ हे प्रमाणपत्रही उपलब्ध असून त्याखालील लोकरीत ही प्रथा चालत नाही. उंची लोकरीचा माल ठेवणाऱ्या दुकानदाराने ही विचारणा केली, तर गिऱ्हाईकाच्या प्रश्नाला खरे उत्तर देता येते. ज्यांना प्राणिज तंतूच नको असतो, त्यांच्यासाठी लांब धाग्याचा, विंचरलेला, दोनपदरी सुती स्वेटर हा येथील हवामानास पुरेसा पर्याय आहे. गोळ्यांच्या बाबतीतही तो साध्या ॲक्रिलिकपेक्षा उजवा ठरतो.

परीक्षा : प्रयोगशाळेतील आणि दुकानातील

गोळ्यांची परीक्षा प्रमाणित आहे. भारतीय मानक आय.एस. १०९७१ आणि आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. १२९४५ यांत तिच्या पद्धती दिलेल्या आहेत. एका पद्धतीत नमुने नळ्यांवर चढवून बुचाचे अस्तर असलेल्या पेटीत मिनिटाला ६० फेरे या गतीने फिरवतात. पाच तासांत १८,००० फेरे होतात. मार्टिनडेल यंत्रावर कापड कापडावर घासले जाते. निकाल १ ते ५ अशा श्रेणीत मिळतो : ५ म्हणजे गोळे नाहीत, १ म्हणजे पृष्ठभाग गोळ्यांनी भरलेला. मोठी मागणी नोंदवताना किमान ४ श्रेणीचा अहवाल मागावा. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील, मुंबईस मुख्यालय असलेल्या टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळांत अशा चाचण्या होतात.

लहान दुकानदाराने प्रत्येक लॉट प्रयोगशाळेत धाडणे परवडणारे नाही. त्याच्यासाठी साध्या परीक्षा आहेत. सुताचा वीतभर तुकडा उजेडात धरावा. केसाळपणा डोळ्यांना दिसतो. तो उलट पिळून पदर मोकळे करावेत आणि एका पदरातील तंतू अलगद ओढून पाहावेत; ते आखूड तुकड्यांत सुटून येत असतील तर सूत गोळे धरणारे समजावे. नमुन्याचे दोन तुकडे दर्शनी बाजूने एकमेकांवर दोनशे वेळा घासावेत आणि शेजारी गेल्या वर्षीचा, तक्रार न आलेला माल तसाच घासून ठेवावा. ही परीक्षा प्रमाणित नाही, पण तुलनेसाठी तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. भेसळीची शंका आली तर एक धागा जाळून पाहावा : लोकर केस जळल्याच्या वासाने जळते व तिची राख बोटांत चुरते; कापसाला कागद जळल्याचा वास येतो; ॲक्रिलिकचा कडक काळा मणी होतो.

हिशेब

समजा, एका दुकानदाराने हंगामासाठी ३०० शालेय स्वेटर घेतले. साधा माल ३८० रुपयांस, लो-पिल सुताचा ४१५ रुपयांस, आणि विक्री दोन्हीची ५०० रुपयांस. कागदावर साध्या मालाचा नफा ३६,००० रुपये, तर चांगल्या मालाचा २५,५०० रुपये. बहुतेक निर्णय येथेच होतो.

परंतु साध्या मालापैकी दहात एक स्वेटर परत आला, त्याचे ५०० रुपये परत द्यावे लागले आणि तो नग पुढे १५० रुपयांना काढावा लागला, तर प्रत्येक परतीमागे ३५० रुपये जातात. तीस परतींचे १०,५०० रुपये वजा जाता नफा २५,५०० वरच येतो. म्हणजे या उदाहरणात दहा टक्के परती ही बरोबरीची रेषा आहे. परती त्याहून वाढल्या की स्वस्त माल महाग पडतो. वरील आकडे मानलेले आहेत. प्रत्येकाने स्वतःच्या वहीतील आकडे घालून आपली रेषा काढावी.

या हिशेबात दोन रकमा धरलेल्या नाहीत. एक, जे गिऱ्हाईक परत येऊन तक्रार करीत नाही, पण पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात जाते. दोन, कायदा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास आणि बिलात नमूद मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’’ ही पाटी सदोष मालाबाबत दुकानदाराला वाचवू शकत नाही. मग परतीच्या वेळी वाद घालण्यापेक्षा खरेदीच्या वेळी सूत पाहणे सोपे नव्हे काय?

विकल्यानंतरचे दोन शब्द

योग्य सुताच्या कपड्यालाही योग्य निगा लागते, आणि ती सांगणे हे विक्रेत्याचे काम आहे. स्वेटर उलटा करून, सौम्य साबणाने, न घासता, न पिळता धुवावा. तो टॉवेल किंवा जीन्ससोबत धुऊ नये. जीन्स त्याला घासते. आणि आपल्या सोलापुरी टॉवेलमधून सुटलेली सुती लव स्वेटरच्या लवेत अडकते, त्यामुळे गडद रंगावर पांढरे गोळे दिसतात. अनेकदा तक्रार स्वेटरची असते आणि दोष धुण्याच्या बादलीतला असतो. आलेले गोळे नखाने ओढू नयेत, ओढल्याने नवे तंतू बाहेर येतात. छोट्या गोळे-कापणी यंत्राने ते वरच्या वर कापावेत. शुद्ध लोकरीवर सुरुवातीला येणारे गोळे पुढे कमी होत जातात, हेही विकतानाच सांगून ठेवावे. आधी सांगितले तर ती माहिती ठरते. तक्रारीनंतर तेच वाक्य सबब वाटते.

पूर्वीचा व्यापारी कापसाच्या गाठीत हात घालून दोन बोटांत तंतू ओढून त्याची लांबी पाहत असे आणि मगच भाव बोलत असे. आता माल तयार होऊन, घडी घालून, चकचकीत पिशवीत येतो. ती पिशवी न उघडताच सौदे होतात. पिशवी उघडावी, एक धागा उसवून पाहावा, वजन करावे आणि बिलावर सुताची जात लिहून घ्यावी. एवढ्या चार गोष्टींना हंगामाच्या आरंभी एक सकाळ पुरते. त्या सकाळवर मुलाच्या अंगावरचा स्वेटर फाल्गुनातही नवा दिसेल की नाही हे अवलंबून असते, आणि दुकानाची पतही.